ही फाइल कोण तयार करतं?

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची मुदत संपली. यापुढे तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएचमधली सीव्हीई-२०२४-६३८७ ही त्रुटी जाहीर केली. २००६ मध्ये बुजवलेलं भोक २०२० च्या एका बदलात पुन्हा उघडं पडलं होतं. सेंटओएस ७ मधलं ओपनएसएसएच ७.४ जुनं असल्यामुळे या तडाख्यातून सुटलं. नव्या प्रणालींवर आलेल्यांना मात्र लगेच दुरुस्त पॅकेज घालावं लागलं. एका दिवसाच्या अंतराने आलेल्या या दोन गोष्टींनी त्या पावसाळ्यात अनेक सिस्टम अ‍ॅडमिन लोकांची झोप उडवली.

पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती हेच काम करते. कंपनीचं सॉफ्टवेअर दूध संकलनाचं. गावोगावच्या दूध संस्थांचे कॅन सकाळ-संध्याकाळ टेम्पोने शीतकरण केंद्रावर येतात, वजन होतं, नमुना तपासून फॅट आणि एसएनएफचे आकडे लागतात आणि त्या आकड्यांवर दहा दिवसांचं बिल निघतं. हा सगळा हिशेब केंद्रातल्या टेबलाखाली ठेवलेल्या एका लहानशा सर्व्हरवर चालतो. केंद्रावर संगणकातला जाणकार कोणी नसतो. बॅकअप, अपडेट, डेटाबेसची दुरुस्ती ही सगळी कामं ती पुण्यात बसून एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे आत जायच्या सोयीने, लॉगिन करून करते. त्यामुळे लॉगिन बंद पडलं की केंद्राचं काम सुरूच राहतं, पावत्या निघत राहतात, पण तिला आत जाता येत नाही. आणि आत जाता येत नाही म्हणजे रात्रीचा बॅकअप नीट झाला की नाही, हेही कळायचं थांबतं.

जुने सर्व्हर सेंटओएस ७ वर होते. नवे डेबियन १२ वर घ्यायचं ठरलं. पुण्यात एक मूळ इमेज तयार करायची, ती प्रत्येक यंत्राच्या डिस्कवर उतरवायची, व्हीपीएनची फाइल घालायची आणि खोका केंद्राला पाठवायचा, अशी पद्धत. जुलैच्या त्रुटीमुळे दुरुस्त पॅकेज घातलेली इमेज पुन्हा बनवली आणि त्यातलं एक यंत्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका केंद्रावर पोचलं. तिथल्या ऑपरेटरने वायरी जोडल्या, बटण दाबलं, पावतीही छापून बघितली. पुण्यातून पिंग केलं तर उत्तर आलं. लॉगिन करायला गेल्यावर पडद्यावर दोनच शब्द: कनेक्शन रिफ्यूज्ड.

नवखा माणूस इथे 'कनेक्ट होत नाही' एवढंच म्हणतो आणि नेटवर्कच्या मागे लागतो. वास्तविक या दोन शब्दांत निम्मं निदान असतं. फायरवॉलने गुपचूप अडवलं असतं किंवा यंत्रच बंद असतं, तर बराच वेळ काही झालं नसतं आणि शेवटी 'टाइम्ड आउट' आलं असतं. 'रिफ्यूज्ड' लगेच येतं, कारण समोरचं यंत्र जागं असतं आणि या पोर्टवर कोणी ऐकत नाही, असं तेच स्वतः कळवतं. घरात दिवे लागलेत, माणसांचे आवाज येतायत, फक्त दार उघडायला कोणी उठलेलं नाही, तशी ही अवस्था. म्हणजे पाऊस, केबल, व्हीपीएन या सगळ्यांना सोडून द्यायचं आणि एसएसएचडी ही सेवा का उठली नाही, एवढंच शोधायचं. अडचण ही की ते शोधायला आत जावं लागतं, आणि जायची वाट तर तीच बंद आहे.

उरला फोन.

ऑपरेटर तिशीचा, कामाला चोख. वजनकाटा आणि अ‍ॅनालायझर त्याला पाठ, पण काळ्या पडद्यावर काही टाइप करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. केंद्रप्रमुखांच्या कपाटात अशा प्रसंगासाठी पासवर्डचा बंद लिफाफा ठेवलेला असतो, तो उघडला गेला.

"मॅडम, पासवर्ड टाइपच होईना झालाय."

"दिसत नाही दादा, पण होतोय. सगळा टाइप करा आणि एंटर मारा."

"कर्सर हलंना की."

"हलू दे नाही तर नको, तुम्ही मारा एंटर."

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, ही गोष्ट रोजच्या वापराने इतकी अंगवळणी पडते की समोरच्याला ती आधी सांगायची राहून जाते. तो आत गेला. मग तिने एकेक अक्षर सांगून सेवेची स्थिती विचारणारी आज्ञा टाइप करून घेतली. इथे एक बारीक गोष्ट होती. सेंटओएसमध्ये या सेवेचं नाव एसएसएचडी, डेबियनमध्ये नुसतं एसएसएच.

"लाल अक्षरात फेल्ड आलंय."

"त्याच्या खाली काय आहे? फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप करा बरं."

फोटोत अर्धा पडदा ट्यूबलाइटच्या उजेडाने पांढरा झालेला, पण हवी ती ओळ वाचता येत होती: नो होस्टकीज अव्हेलेबल, एक्झिटिंग. खाली सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीची तक्रार की सेवा फारच भराभर पुन्हा सुरू करायला सांगितली जाते आहे. सेवा पडली की सिस्टमडी ती पुन्हा उठवतो, आणि थोड्या वेळात ती अनेकदा पडली तर नाद सोडतो. शेवटची ओळ म्हणून तक्रार तेवढी डोळ्यांत भरते. खरं कारण तिच्या वर असतं. अडकलेल्या पुष्कळ लोकांना तिने पाहिलंय, ते शेवटच्या ओळीशीच झुंजत बसतात.

आता होस्ट की हे प्रकरण थोडं उलगडून सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

१९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी ये-जा करणारे पासवर्ड टिपून घेतले. त्या काळी टेलनेटने लॉगिन करताना पासवर्ड उघडाच जात असे. तिथल्या तातू इलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षी जुलैत सर्वांसाठी खुलं केलं. त्याला २२ क्रमांकाचं पोर्ट हवं होतं, कारण एफटीपीचं २१ आणि टेलनेटचं २३, यांच्या मधली जागा रिकामी होती. त्याने मागितलं आणि ते मिळालं. आज जगभर बहुतेक ठिकाणी जे एसएसएच चालतं ते मात्र ओपनबीएसडीच्या मंडळींनी १९९९ मध्ये त्याच्या जुन्या मुक्त आवृत्तीवरून उभं केलेलं ओपनएसएसएच.

संभाषण गुप्त ठेवलं तरी एक प्रश्न उरतोच: आपण ज्याच्याशी बोलतोय तो खरोखर आपलाच सर्व्हर आहे कशावरून? त्यासाठी प्रत्येक सर्व्हरजवळ स्वतःच्या किल्ल्यांची जोडी असते, तीच होस्ट की. तिचा खासगी भाग सर्व्हर सोडून कुठेही जात नाही. जाहीर भागाची नोंद आपल्या लॅपटॉपवर पहिल्या भेटीत होते आणि पुढच्या प्रत्येक वेळी ताडून बघितली जाते. ही किल्ली नसेल तर सर्व्हर स्वतःची ओळख पटवू शकत नाही, म्हणून एसएसएचडी सुरूच व्हायला नकार देतं. या नकाराबद्दल तिला आदर वाटतो. ओळख नसताना कसंबसं सुरू होऊन लोकांना आत घेणारी सेवा कितीतरी जास्त घातक ठरली असती.

मग कोल्हापूरच्या यंत्रावर किल्ल्या का नव्हत्या? कारण इमेज पाठवण्याआधी चालणारी साफसफाईची स्क्रिप्ट त्या पुसते. आणि तिने त्या पुसायलाच हव्यात. एका इमेजवरून वीस यंत्रं बनली आणि सगळ्यांची किल्ली एकच राहिली, तर एका केंद्रावरचं यंत्र चोरीला गेलं की चोराला उरलेल्या एकोणीस यंत्रांचं सोंग घेता येतं. ही कल्पनेतली भीती नाही. २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटभरच्या यंत्रांच्या किल्ल्या गोळा करून तपासल्या, तेव्हा एकसारख्या आणि सहज फोडता येणाऱ्या किल्ल्यांचे ढीग सापडले. त्यांचा मोठा भाग राउटर, फायरवॉल अशा उपकरणांचा होता. कारखान्यातून निघालेलं उपकरण पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा त्याच्याजवळ पुरेशी यादृच्छिकता नसते, आणि नेमकं त्याच क्षणी ते किल्ली बनवतं. त्याआधी २००८ च्या मे महिन्यात खुद्द डेबियनमध्ये याहून मोठा अपघात उघड झाला होता. ओपनएसएसएलमधली एक ओळ काढल्यामुळे सुमारे दोन वर्षं तिथे बनलेल्या प्रत्येक किल्लीला, तिचा प्रकार आणि आकार एकदा ठरला की, फक्त ३२,७६७ पर्याय शिल्लक राहत होते. लुचानो बेल्लो याने ते शोधून काढलं आणि जगभरच्या लोकांना आपल्या किल्ल्या टाकून नव्या बनवाव्या लागल्या.

तर किल्ल्या पुसणं बरोबरच होतं. प्रश्न पुढचा आहे: पुसल्यावर नव्या किल्ल्या कोण बनवतं, आणि केव्हा?

सेंटओएसमध्ये याचं उत्तर असं की किल्ली बनवणारी एक वेगळी छोटी सेवा असते. यंत्र सुरू होताना ती बघते, किल्ली आहे का? नसेल तर बनवते, आणि मग एसएसएचडी उठतं. म्हणून वर्षानुवर्षं ती स्क्रिप्ट निर्धास्त चालली. डेबियन १२ मध्ये हे काम पॅकेज बसवताना चालणारी स्क्रिप्ट करते. पॅकेज बसलं, किल्ल्या तयार झाल्या, विषय संपला. पुढे यंत्र कितीदाही सुरू-बंद झालं तरी त्या पुन्हा कोणी बनवत नाही. क्लाउडमधल्या यंत्रांवर ही उणीव जाणवत नाही, कारण तिथे क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्रॅम पहिल्या बूटला नव्या किल्ल्या घडवतो. टेबलाखालच्या सर्व्हरवर क्लाउड-इनिट कशाला असेल? दोन्ही प्रणालींमध्ये फाइलचं नाव तेच, जागा तीच, काम तेच. फाइल जन्माला घालणारा हात वेगळा आणि त्याची वेळही वेगळी. स्थलांतराच्या याद्यांमध्ये लोक फाइलींची नावं लिहितात, आवृत्त्या लिहितात. कुठली फाइल कोण आणि कधी बनवतं, हा रकाना तिने तोवर कुठल्याच यादीत पाहिलेला नव्हता.

उपाय एका ओळीचा. "सुडो, स्पेस, एसएसएच, डॅश, कीजेन, स्पेस, डॅश, ए. हा ए कॅपिटल हं दादा."

"कॅपिटल कशाला?"

त्याने विचारलं ते तिला बरं वाटलं. लहान ए चा अर्थ वेगळा आहे, हे तिने त्याला सांगितलं. मोठ्या ए ने जी किल्ली नसेल तेवढीच तयार होते, असलेल्यांना धक्का लागत नाही. एंटर मारल्यावर आरएसए, ईसीडीएसए, ईडी२५५१९ अशी नावं पडद्यावर सरकली. सेवा सुरू करण्याआधी कॉन्फिगरेशन तपासून घ्यावं म्हणून तिने पूर्ण मार्ग सांगून एसएसएचडीला डॅश टी लावायला सांगितलं. या आज्ञेने सेवा सुरू होत नाही, सगळं जागच्या जागी आहे का एवढंच बघितलं जातं. आणि नवीनच ओळ आली: मिसिंग प्रिव्हिलेज सेपरेशन डिरेक्टरी, स्लॅश रन स्लॅश एसएसएचडी.

"मॅडम, आणि एक काय तरी मिसिंग म्हणतंय. बनवू काय ते फोल्डर?"

"नको. त्याला हात लावू नका."

हे फोल्डर कायम रिकामं असतं आणि तरीही त्याच्यावाचून सेवेचं पान हलत नाही. २००२ मध्ये नील्स प्रोवोस याने ओपनएसएसएचमध्ये कामाची फाळणी केली. ज्याची ओळख अजून पटलेली नाही अशा परक्याशी बोलणारी प्रक्रिया सर्वाधिकार असलेल्या प्रक्रियेपासून तोडली, तिला अधिकारशून्य वापरकर्त्याच्या नावावर टाकलं आणि या रिकाम्या फोल्डरात कोंडलं. तिथून तिला बाहेरची एकही फाइल दिसत नाही, लिहिताही येत नाही. उद्या त्या प्रक्रियेत भोक सापडलं तरी घुसणाऱ्याच्या हाताला काही लागू नये, हा हेतू. त्या वर्षी जूनमध्ये आलेल्या ३.३ आवृत्तीत ही व्यवस्था आपोआप लागू झाली आणि काही दिवसांतच उघड झालेल्या एका गंभीर त्रुटीची धार तिच्यामुळे बोथट झाली. फोल्डर रिकामं असणं हेच त्याचं काम आहे.

पण स्लॅश रन हा भाग डिस्कवर नसतो, मेमरीत असतो. यंत्र बंद झालं की पुसला जातो. डेबियनमध्ये ते फोल्डर सिस्टमडी बनवतो, तेही सेवा सुरू करताना, आणि सेवा थांबली की काढूनही टाकतो. सेवा बंद असताना हाताने तपासणी केली म्हणून ते 'मिसिंग' दिसलं. यात बिघाड काहीच नव्हता. उलट पहिली अडचण सुटल्याची ती खूण होती, कारण एसएसएचडी आधी किल्ल्या बघतं आणि त्यानंतर या फोल्डरापर्यंत पोचतं. अशा वेळी हाताने फोल्डर बनवून मोकळे होणारे पुष्कळ असतात. तपासणी पार पडतेही, पण सेवा थांबली किंवा वीज गेली की ते फोल्डर पुसलं जातं. मग पुढच्या तपासणीत पुन्हा तोच 'मिसिंग' येतो आणि काल बनवलेलं आज कुठे गेलं, म्हणून डोकं धरून बसायची पाळी येते. एकाच फोनमध्ये दोन गोष्टी 'नाहीत' म्हणून पुढे आल्या. पहिली बनवायची होती, दुसरीला ज्याचं काम आहे त्याच्यावर सोडायचं होतं. संदेशाचा शब्द दोन्हीकडे जवळपास सारखाच. फरक कळतो तो त्या फाइलचा कर्ता ठाऊक असला तर.

"आता सिस्टमसीटीएल, स्पेस, स्टार्ट, स्पेस, एसएसएच. सुरुवातीला सुडो लावा."

हिरवं आलं.

पुण्यातून लॉगिन केल्यावर लॅपटॉपने विचारलं, या सर्व्हरची ओळख पहिल्यांदाच होते आहे, त्याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे, पुढे जाऊ का? जवळपास सगळे इथे डोळे मिटून 'येस' टाइप करतात. ती करत नाही, निदान पहिल्या भेटीत तरी नाही. एसएसएचच्या सगळ्या सुरक्षेतला माणसाने स्वतः खात्री करायचा क्षण तो एवढाच आहे आणि नेमका तोच आपण वाया घालवतो, अशी तिची खरीखुरी खंत आहे. तिने ऑपरेटरला यंत्रावरच ठसा काढायला लावला आणि वाचून दाखवायला सांगितला. त्रेचाळीस अक्षरं, लहान-मोठी, मध्ये आकडे.

"स्मॉल क्यू, सात, कॅपिटल झेड, प्लस... हे अधिक चिन्ह बी त्यातलंच काय?"

"त्यातलंच. पुढे?"

फोटो मागवता आला असता. पण दूध घेऊन आलेला टेम्पोवाला शेजारी थांबलेला असताना या माणसाने न कंटाळता सगळी ओळ वाचून दाखवली, आणि शेवटी स्वतःहून म्हणाला, "जुळलं न्हवं? मग बरं." आपण काय तपासतोय हे त्याला कळलं होतं. किल्ली म्हणजे काय, यावर दिलेल्या व्याख्यानाने जे साधत नाही ते या वाचनाने साधलं.

जे नाही ते शोधायचे इतरही प्रसंग तिच्या कामात येत राहतात. एका ग्राहकाकडे कोणीतरी जागा मोकळी करताना एसएसएचडी-कॉन्फिग ही मुख्य फाइलच उडवली होती. तिथल्या तरुण मुलाने पॅकेज काढून न टाकता पुन्हा बसवलं आणि फाइल परत येईल म्हणून वाट बघत राहिला. आली नाही. डेबियनचा विचार असा की स्लॅश ईटीसीमधल्या फाइलींवर मालकी यंत्र सांभाळणाऱ्याची. त्याने बदल केला तर तो राखायचा, आणि पुसली तर पुसणं हाही त्याचाच निर्णय. पडद्यावर तसं स्पष्ट लिहून येतं की पुसलेली कॉन्फिग फाइल पुन्हा ठेवत नाही. शेकडो ओळींमध्ये ते वाचायचं राहून जातं, एवढंच. मूळ नमुना स्लॅश यूएसआर स्लॅश शेअर स्लॅश ओपनएसएसएचमध्ये ठेवलेला असतो, तिथून नक्कल करून आणली की सेवा उठते.

मुलगा खूश झाला. ती नाही. कारण परत आली ती कारखान्यातली फाइल. कोणत्या वापरकर्त्यांना आत घ्यायचं, पासवर्डने लॉगिन चालेल की फक्त किल्लीने, या त्या ग्राहकाच्या स्वतःच्या ओळी तिच्यात कुठून असणार? सेवा सुरू झाली म्हणजे दुरुस्ती झाली, असं मानलं की दार पूर्वीपेक्षा जास्त उघडं राहतं.

तिच्या मते नसलेल्या कॉन्फिगरेशनचा सगळ्यात वाईट प्रकार हाच: ज्याच्या नसण्याने काहीच बंद पडत नाही. किल्ली नसेल तर सेवा ओरडते. पण डेबियन १२ मध्ये मुख्य फाइलच्या डोक्यावरच एक ओळ असते, की शेजारच्या फोल्डरातल्या डॉट कॉन्फ शेपटीच्या सगळ्या फाइली वाच. २०२० मध्ये ८.२ आवृत्तीपासून आलेली ही सोय फार चांगली आहे. आपले नियम वेगळ्या फाइलीत राहतात आणि अपडेटच्या वेळी गोंधळ होत नाही. त्या फोल्डरात एकही फाइल नसली तरी ते चुकीचं नसतं. आता कोणीतरी चाचणीसाठी तुमच्या फाइलच्या नावापुढे डॉट बॅक जोडलं आणि परत काढायला विसरलं, तर सेवा हसतमुखाने सुरू होते, तुमचे नियम सोडून. पासवर्डने लॉगिन करायची परवानगी ही ओपनएसएसएचची मूळ ठेवण आहे, ती लागू होते.

असं एका सर्व्हरवर झालेलं तिला लॉगमधल्या एका शब्दावरून कळलं. इंटरनेटवर उघड्या असलेल्या कुठल्याही एसएसएचवर दिवसरात्र अनोळखी यंत्रं नावं-पासवर्ड आजमावत असतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण त्या सर्व्हरच्या एका रात्रीच्या ओळींमध्ये 'फेल्ड पासवर्ड' असं लिहिलेलं होतं. पासवर्डचा मार्गच बंद असेल तर पासवर्ड चुकणार कसा? तिथे फक्त ओळख पटण्याआधी संपर्क तुटल्याच्या नोंदी दिसायला हव्यात. कोणी आत शिरलेलं नव्हतं. पण ही ओळ महिनाभर तशीच पडून राहिली असती तरी एकही अलार्म वाजला नसता.

कॉन्फिगरेशनमधली एखादी गोष्ट नाहीशी झाल्याने केवढं होऊ शकतं, याचं मोठं उदाहरण कॅनडात आहे. ८ जुलै २०२२ ला रॉजर्स या दूरसंचार कंपनीने आपल्या जाळ्याचं नूतनीकरण करताना वितरणाच्या राउटरवरचा एक फिल्टर काढला. तो नसल्यामुळे मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरवर आदळला आणि ते कोसळले. सव्वा कोटीच्या घरातले ग्राहक मोबाइल, इंटरनेट आणि तातडीच्या ९११ क्रमांकालाही मुकले. डेबिट कार्डचे व्यवहार अडले. आणि दुरुस्ती करणाऱ्यांना राउटरपर्यंत पोचता येईना, कारण यंत्रांची देखभाल करायचं जाळं त्याच कोसळलेल्या जाळ्यावर उभं होतं. नियामकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या अहवालानुसार मूळ कारण हाती लागायलाच चौदा तास गेले. देखभालीचा रस्ता स्वतंत्र हवा होता, हे त्या अहवालाचं म्हणणं आहे. मोठ्या सर्व्हरमध्ये यासाठी आयलो, आयड्रॅक अशी वेगळी सोय असते. मुख्य प्रणाली मेली तरी तिच्यातून पडदा दिसतो. शीतकरण केंद्राच्या सर्व्हरमध्ये ती नसते. तिथे हा स्वतंत्र रस्ता म्हणजे कपाटातला लिफाफा, एक कीबोर्ड आणि फोन उचलणारा ऑपरेटर. म्हणून दर वर्षी लिफाफ्यातला पासवर्ड बदलताना ती केंद्रावर फोन करते आणि कीबोर्ड जोडलेला आहे ना, हे विचारते. केंद्रप्रमुखांना सुरुवातीला हा प्रश्न विचित्र वाटायचा.

इमेजमध्ये आता सेंटओएससारखीच छोटी सेवा घातली आहे. ईडी२५५१९ ची किल्ली नसेल तरच ती चालते, कीजेनला कॅपिटल ए देते आणि हे सगळं एसएसएच सुरू व्हायच्या आधी उरकते. २०१२ च्या संशोधनात दिसलेला यादृच्छिकतेचा धोका आजच्या लिनक्समध्ये तितका राहिलेला नाही. २०१४ पासून कर्नलमध्ये असलेल्या सोयीमुळे पुरेशी तयारी होईपर्यंत किल्ली बनवणाऱ्याला थांबवून धरता येतं. साफसफाईची स्क्रिप्ट किल्ल्यांबरोबर यंत्राचा ओळख क्रमांकही मोकळा करते, त्याचा कर्ता कोण हेही तिने तपासून घेतलं. ती फाइल रिकामी ठेवली की सिस्टमडी पहिल्या बूटला भरतो. स्थलांतराच्या यादीत 'कोण बनवतं, केव्हा बनवतं' हा रकाना आला. सर्व सर्व्हरवर रोज रात्री एसएसएचडीला डॅश कॅपिटल टी देऊन प्रत्यक्ष लागू असलेले नियम काढले जातात आणि आदल्या दिवशीच्या यादीशी ताडले जातात. फाइलीत काय लिहिलंय यापेक्षा सेवेने काय मानलंय ते त्यातून कळतं.

आता एका दूध संघाने उबंटू २४.०४ चा आग्रह धरला आहे. तिथे प्रकार आणखी निराळा. पोर्टवर आधी सिस्टमडी स्वतः ऐकत बसतो आणि पहिला माणूस आल्यावर एसएसएच उठवतो. किल्ल्या नसल्या तरी बूटच्या वेळी कुठलीच सेवा लाल दिसत नाही, कारण ती सुरू करायचा प्रयत्नच तोवर झालेला नसतो. फेल झालेल्या सेवांची यादी बघून खोका बंद करायची तिची तपासणी इथे पुरणार नाही. त्यामुळे इमेज उतरवलेलं प्रत्येक यंत्र पुण्यातच एकदा सुरू करायचं, दुसऱ्या यंत्रावरून त्यात खरोखर लॉगिन करायचं, नंतर किल्ल्या पुन्हा पुसून ते पॅक करायचं, असा नवा क्रम तिने लिहिला आहे. या पुसण्यानंतर काय राहतं आणि काय जातं, त्याची यादी सध्या तिच्या टेबलावर आहे. तिच्यातले काही रकाने अजून भरायचे आहेत.